घागरींची मागची रांग

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीत खुर्च्या कमी आणि उत्साह जास्त होता. प्रौढ साक्षरतेच्या पहिल्या पुस्तकाचं काम बघायला मला नांदेडच्या शाळेतून तिथं पाठवलं होतं. काम बघायचं म्हणजे लेखकाकडून पाठ लिहून घ्यायचे, चित्रकाराच्या मागे लागायचं, गावात जाऊन पाठ शिकवून पाहायचा आणि मगच छापायला द्यायचा. साहेबांनी या सगळ्याचा तक्ता रंगीत खडूने भिंतीवर आखला होता. पुस्तक वेळेत निघालं नाही तर जुन्या जिल्ह्याचे लोक हसतील, असं ते रोज म्हणायचे. तक्त्याला कोणाची पाठ घासली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा.

मला त्या हसण्याची भीती नव्हती. मला ते पुस्तक माझ्या आईला द्यायचं होतं. आम्ही बौद्ध, कंधारकडच्या खेड्यातले. मला शिकवायला आईने लोकांच्या रानात खुरपणी केली, पण स्वतः कधी पाटी धरली नाही. या वयात शोभतं का, म्हणायची. नवं पुस्तक निघालं की शिकेन, एवढं मी तिच्याकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं.

वर्ष दुष्काळाचं होतं, म्हणून पहिला पाठ 'पाणी' ठेवला. चित्रकाराने सुरेख चित्र काढलं. एकच विहीर, आणि गावातल्या सगळ्या बाया हसत एकमेकींच्या घागरी भरताहेत. मुरुडजवळच्या एका गावात शाळेच्या ओसरीवर आम्ही बायांना बसवलं आणि चित्र दाखवलं. मी विचारलं, "काय दिसतंय?" मग एक जण म्हणाली, "बाई, हे कुठलं गाव हाय?" सगळ्या खदखदून हसल्या. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि वर्ग रिकामा झाला.

मी मागोमाग गेले. घागरी सकाळपासून मांडून ठेवल्या होत्या. लिंबाखाली गावातल्या शेतकरी घरांच्या, आणि रस्त्यापलीकडे, वेगळ्या रांगेत, बौद्धवस्तीतल्या. अलीकडची रांग भरली की पाइप पलीकडे जायचा, टाकीत उरलंच तर. थोड्या वेळापूर्वी याच बाया एका सतरंजीवर बसल्या होत्या आणि मला फार बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचा आता मला राग आला.

परत येऊन मी साहेबांना म्हटलं, चित्र बदलू. टँकर काढू, दोन्ही रांगा काढू.

"चित्रात चूक काय आहे, बाई? गाव असंच असायला पाहिजे."

"असायला पाहिजे ते शेवटच्या पाठात घेऊ. पहिल्या पाठात बायांना त्यांचं गाव दिसू द्या."

साहेब वाईट नव्हते, घाबरट होते. त्यांनी तोडगा काढला. माणसं काढून टाका, नुसती एक घागर ठेवा. कोणाचीच नसलेली घागर! मी हसले, ते त्यांना लागलं. पण त्यांचंही खोटं नव्हतं. पुढचे सगळे पाठ पहिल्या पाठातल्या अक्षरांवर उभे होते. तो अडला की सगळे अडणार, आणि छापखाना आमच्यासाठी थांबणार नव्हता. शेवटी एवढंच ठरलं की नवं चित्र त्याच गावात दाखवायचं, साहेबांसमोर. बायांना ओळखू आलं नाही, तर घागर.

चित्रकाराने कुरकुरत नवं चित्र काढलं. ओसरीवर ते मांडलं. बाया वाकून बघत राहिल्या. लिंबाखालच्या रांगेतली एक जण हळूच म्हणाली, "हे तर आपलंच गाव हाय." वस्तीतल्या एकीने मागच्या रांगेवर बोट ठेवलं. "ही माझी घागर. लई मागं हाय." पहिलीने पदर सारखा केला, मान खाली घातली आणि म्हणाली, "हाव." मग मी फळ्यावर 'पाणी' लिहिलं आणि सगळ्यांनी ते वाचलं.

कचेरीत आल्यावर साहेबांनी खिशातून रुमाल काढला, तक्त्यावरचा छपाईचा चौकोन कोरडाच पुसला आणि खडूने पुढच्या महिन्यात आखला. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण रडू येईल म्हणून मी चहा सांगायला बाहेर गेले.

पुस्तक उशिरा निघालं. जुन्या जिल्ह्याचे लोक हसले की नाही, कळलं नाही. पहिली प्रत घेऊन मी गावी गेले. आईने हात पदराला पुसले आणि पहिलं पान मांडीवर घेतलं. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "चित्रात तू कुठं आहेस, सांग बरं."

तिने पुढची रांग बघितली, मागची बघितली. मग तिचं बोट मागच्या रांगेवरून सरकत चित्राच्या चौकटीबाहेर गेलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं.

"मी हितं उभी राहायची, माय," ती म्हणाली. "कुणी वरून वतलं तर."