भोरड्यांचा शौकीन

निजामाच्या अमलात आमच्या चकलांब्याच्या शिवारात कचेरीतला एक बडा हाकीम नुसती पाखरं बघायला यायचा. नाव कधी कळलं नाही. आम्ही त्याला सायेबच म्हणायचो. ज्वारी दाण्यात आली की गुलाबी अंगाच्या भोरड्यांचे थवे उतरायचे आणि त्यांच्या मागोमाग हा. बांधावर सतरंजी टाकून दुर्बीण डोळ्याला लावायचा. पाखरू दचकू नये म्हणून खोकलासुद्धा रुमालात दाबायचा. मी राखणीच्या माळ्यावर गोफण उचलली की हात वर करून म्हणायचा, "नक्को उडाव रे, बिचारे लई दूर से आए."

हाकिमाचा शब्द मोडणार कोण? गोफण मांडीवर ठेवून मी कणसं रिकामी होताना बघत बसायचो. माणूस दुष्ट नव्हता, हेच अजून खुपतं.

एकदा खुशीत येऊन त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली. "क्या दिखता?"

"भोरडी हाय, सायेब. तिच्या चोचीत आमचा दाणा हाय."

तो मनापासून हसला. मग दुर्बीण परत घेतली, माझा डोळा टेकला होता ती काच रुमालानं नीट पुसली आणि पुन्हा पाखरं बघू लागला.