फ्रीजरमधले उंदीर

लेकीच्या फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीखाली पांढरे उंदीर गोठून पडलेत, तिच्या पाळीव सापासाठी. आज नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून मी पुरणाचे दिंड उकडायला ठेवले. शेजारीच तिने एक उंदीर पिशवीसकट कोमट पाण्यात सोडला.

"आई, बघ, मीही काही चिरलं-तळलं नाही!"

नियम तर तिनेही पाळलाच होता. नागोबाला मी जन्मभर दूध-लाह्या दाखवल्या; तो खातो काय, हे कधी मनातही आलं नाही. आणि उंदीर तर गणपतीचं वाहन!

तिने चिमट्यात धरून तो उंदीर काचेच्या पेटीत पुढे केला, तेव्हा माझे हात आपसूक जोडले गेले. सापाला की उंदराला, हे अजून माझं मलाच कळलेलं नाही.