दिवस बुडेपर्यंत उपाशी

माही धाकटी लेक जर्मनीत शिकते. वाशीमले लागून आमचं भाजीपाल्याचं वावर, आन् पोरगी तिकडं पाण्यातले जंतू तपासते. गेली मात्र माह्या नवसावर, असं मी धरून बसली. व्हिसाचं अडलं होतं तवा मी महादेवापुढं बोलून टाकलं, कागद आला त पोरीकडून सोळा सोमवार करवून घेईन. उपास तिनं करायचे, बोलणार मी. अशा कामात मी मोठी उदार.

पहिली थंडी निघाली आन् चैत्रात तिनं सोमवार धरले. नेम मीच सांगितला होता. दिवसभर नुसतं चहापाणी, दिवस बुडाला की पूजा करून जेवायचं. इकडं मीही तिच्यासंगं धरले. सातले दिवा लावायची, जेवायची, मग फोन करायची. ती म्हणायची, इथं अजून ऊन आहे. मी समजायची, ते लोक आपल्या साडेतीन घंटे मागं, म्हणजे ही आपल्या साडेदहाले जेवणार. काय बिघडलं, पोटाले तेवढाच आराम. फोनवर ती वाळलेली दिसे, त मले वाटे तिकडचं अन्न मानवत नसन. म्हणून मेथी वाळवून धाडली, जवसाची चटणी धाडली. सोमवारी जेवते कधी, हे काही विचारलं नाही.

चौदाव्या सोमवारी फोन तिच्या खोलीतल्या पोरीनं उचलला. नागपूरकडची आहे, आडपडदा ठेवून बोलत नाही. म्हणे, ती जिन्यात चक्कर येऊन पडली, कपाळाला लागलं. 

"काकू, इथं उन्हाळ्यात सूर्य रात्री दहाला मावळतो. तोपर्यंत ती उपाशी असते. तुम्हाला माहीत आहे ना?"

मले माहीत नव्हतं. सारा जन्म मी दिवस पाहून काम केलं. दिवस कुठं दहा वाजेपर्यंत टिकून राहत असन, हे मनातही आलं नाही.

लेकीनं फोन घेतला. कपाळाले पट्टी होती. उपास सोड म्हणायले मी तोंड उघडलं, त तीच आधी बोलली, "दोनच राहिले, आई. अर्ध्यात मोडला आन् तिकडं बाबाले काही झालं त?"

हे भेव तिले कोणी शिकवलं ते का सांगाले पाहिजे? मलेही तेच भेव वाटलं. मी गप बसली. पोरीचं कपाळ फुटलेलं समोर दिसून राह्यलं आन् आई गप, हे लिहितानाही लाज वाटते.

सकाळी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन बाजारात गेली. आमच्या जागेमागं बांगड्यांचं दुकान आहे, तिथल्या आपाची आन् माही जुनी बैठक. माहं तोंड पाहूनच तिनं विचारलं, मी सारं सांगितलं. ती बांगड्या लावता लावता म्हणे, आमच्यात मुसाफिराले रोजा माफ रायते, बीमाराले माफ रायते, मागून भरून देता येते. तुमची पोरगी त दोन्ही आहे.

"तुमचा देव का इतका कडक आहे का, बाई? का तुमीच कडक आहा?"

भाजी तिच्या भरोशावर टाकून तिथूनच फोन लावला. म्हटलं, तुझे उरलेले दोन मी माह्या सोळानंतर करीन. बोलली मी, फेडीन मी. देवाले काही म्हणायचं असन त मले म्हणो. पोरगी रडली. मग मले आठवलं, विचारलं, दवाखान्यात गेलती काय?

"नाही. तूच म्हणे ना, जराजराशाले डॉक्टरकडं पळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. रक्त कमी निघालं. गोळ्या चालू आहेत, खाते म्हणते.

ती जर्मनीले निघाली तवा वाशीमच्या स्टेशनवर गाडीले उशीर होता. तेवढा सारा वेळ मी तिले सांगत होती, हे कर, ते नको करू, आन् ती मान हालवत होती. आता त्यातलं एकेक आठवते आन् फोनवर विचारते, हे अजून करतं काय? ती म्हणते, हो. मग मी म्हणते, बरं, आन् फोन ठेवल्यावर बसून राहते. त्यातलं कोणतं बंद करायले सांगू, मलेच समजत नाही.