दुपारच्या मॅचची लेन्स

आमच्या संघटनेच्या मोर्चाचे फोटो छापून घ्यायला मी सीताबर्डीच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो, तेव्हा एक बाई कॅमेरा डोळ्याला लावून चक्क उकिडवी बसली होती. समोर कबड्डीचं मैदान असल्यासारखी ती तशीच डावीकडे-उजवीकडे सरकत होती. कुही तालुक्यातल्या पोरींच्या मॅचेसचे फोटो ती काढते, एवढंच तिच्या बोलण्यातून कळलं. लांबचं टिपणारी जड टेलिफोटो लेन्स तिनं कॅमेऱ्यावरून काढून काउंटरवर ठेवली.

"मॅडम, हीच घ्या," दुकानदार म्हणाला. "संध्याकाळी कमी उजेडातही फोटो साफ येतो."

"संध्याकाळी लायटात पोरं खेळतात गा. पोरींले भर दुपारचीच वेळ भेटते. तेवढ्या उन्हात हलकी लेन्स पुरते मले."

माझं डोकंच फिरलं. पोरींना उन्हात भाजायचं आणि त्याला वेळापत्रक म्हणायचं!

"ताई, हलकी घेऊच नका," मी मध्ये तोंड घातलं. "आधी संध्याकाळची वेळ मागा."

"मागूनच राहिलो आम्ही," ती शांतपणे म्हणाली. "पण रविवारची फायनल दुपारीच हाय. तिचे फोटो कोण काढन?"

हलकी लेन्स लावून, पट्टा गळ्यात अडकवून ती निघाली. मागणी मान्य होईपर्यंत पोरी खेळायच्या थांबत नाहीत, हे आमच्या एकाही पत्रकात आलेलं नाही.