पाचनंतरचे डॉक्टर

खटाव तालुक्यातल्या यच्चयावत गाईम्हशींना ज्याने क्लॅरिनेट ऐकवले असा एकच माणूस ह्या पृथ्वीतलावर होऊन गेला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. वडूजला ते गुरांचे सरकारी डॉक्टर होते. पाच वाजेपर्यंत त्यांच्यासारखा कामसू माणूस शोधून सापडला नसता. पाच वाजले की दवाखान्याची कडी लागे, अंगणात खुर्ची येई आणि गल्लीतली कुत्री शहाण्यासारखी दुसऱ्या गल्लीत निघून जात. एखादी गाय अडली असा निरोप आला, तर मात्र ते ताटावरून उठून जात. पण फटफटीच्या एका बाजूला औषधांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेटची पेटी असे. गाय विते म्हणजे काय घड्याळ लावून विते? मधल्या वेळात गोठ्याच्या दारात बसून हे सुरू. एकदा एका म्हातारीने हात जोडून सांगितले, "आवं डाक्टर, जरा वड्याच्या पल्याड जाऊन वाजवा की. म्हस पान्हा चोराय लागलीया." डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "चाल आवडली नसेल तिला," आणि दुसरी सुरू केली.

हा नाद त्यांना लावला तो पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन गावी आलेल्या एका बँडमास्तरांनी. त्यांचा बैल पोट फुगून मरायला टेकला होता. डॉक्टरांनी तो उभा केला. मास्तर म्हणाले, "काय देऊ?" डॉक्टर म्हणाले, "तुमचं ते वाजवायला शिकवा." मास्तरांनी आनंदाने कबूल केले, पुढे किती वर्षे शिकवावे लागणार आहे ह्याची त्या भल्या माणसाला कल्पना नव्हती. लग्नसराईत मास्तरांचा बँड गावोगाव जाई, आणि रजा टाकून डॉक्टरही त्यात जात. ह्यांच्या वाट्याला आलेला लाल कोट कोणा धिप्पाड जवानासाठी शिवलेला असावा. बाह्यांतून बोटांची टोके तेवढी बाहेर येत. त्या कोटात, सोनेरी झालरी हलवीत, गाल फुगवून चाललेले डॉक्टर पाहिले की नवरदेवाकडे कोणाचे लक्षच जात नसे.

मी तेव्हा सांगलीला एका हळदीच्या आडतीवर दिवाणजी होतो. सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे, रविवारीही एक चक्कर टाकून यायचे. अंगाला, कपड्यांना, माझ्या मते स्वप्नांनाही हळदीचा वास. डॉक्टर आमच्याकडे आले की विचारीत, "संध्याकाळी काय करता?"

"उद्याच्या कामाची तयारी."

"आणि उद्या संध्याकाळी?"

"परवाच्या कामाची."

"अहो साडू, नोकरी पोटासाठी. पण पोटाच्या वर देवाने छाती दिली आहे, ती काय नुसती बटणं लावायला?"

मी हसून सोडून देई. सरकारी हुद्द्यावरच्या माणसाने वरातीत पिपाणी वाजवत फिरावे हे मला मुळीच पसंत नव्हते. माझ्या मेव्हणीला, म्हणजे आमच्या अक्कांना, तर ते त्याहून पसंत नव्हते. घरात उपवर मुलगी होती.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली असतील. डॉक्टरांच्या थोरलीसाठी मी आष्ट्याचे एक स्थळ आणले. नदीकाठचा ऊस, मुलगा शिकलेला, नाव ठेवायला जागा नव्हती. मंडळी वडूजला आली. पोहे झाले, थोरली आत गेली, आणि मुलाचे वडील डॉक्टरांकडे निरखून पाहू लागले.

"पावनं, तुमास्नी कुटंतरी बघितल्यागत वाटतंय."

अक्कांनी दारातून डोळे मोठे केले. मी घाईघाईने ह्या वर्षीच्या पाऊसपाण्याचे विचारले. डॉक्टरांनी मात्र आनंदाने सांगितले, "गेल्या आठवड्यात! तुमच्या आष्ट्यातच. वरातीत होतो मी. लाल कोटात."

मग पाहुण्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आमी डाक्टरची पोरगी बघाय आल्तो. बँडवाल्याची न्हाई."

चहा तसाच राहिला. डॉक्टर उठले, क्लॅरिनेट पेटीत घातले आणि पेटी स्वतःच माळ्यावर ठेवून आले. थोरली म्हणाली, "बाबा, तसलं घर मला नकोच होतं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मला वाटले, चला, गाडी रुळावर आली. डॉक्टर आता दिवे लागेपर्यंत दवाखान्यात बसू लागले. कागदपत्रे चोख झाली, वरचे साहेब खूश झाले. पण शेरडाला मूठभर दाणे जास्त घातले म्हणून ते शेतकऱ्यावर ओरडू लागले. जेवताना भाजीत मीठ नाही हे त्यांना कळेना, आणि आहे हेही कळेना. अखेर ती म्हशीवाली म्हातारीच अक्कांकडे आली. "बाई, डाक्टरांस्नी बरं न्हाई का? पयलं जनावराशी बोलायचं, आता मानसाशीबी बोलत न्हाईत. त्यांस्नी म्हनावं, वाजवा आमच्या दारात. म्हस काय, हुईल सवयीची."

त्या दिवाळीत आम्ही वडूजला होतो. फराळाची ताटे मांडून झाली आणि अक्का उठल्या. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची पेटी काढली, पदराने पुसली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात, चकलीच्या ताटाशेजारी ठेवली.

"अगं, थोरलीचं लग्न व्हायचंय. लोक काय..."

"तिचं व्हायचं तिथं होईल. लोकांची गुरं बघायची नोकरी आहे तुमची, लोकांची तोंडं बघायची नाही. घुम्यासारखे बसू नका. वाजवा."

डॉक्टरांनी फुंकर मारली. इतक्या महिन्यांनी निघालेला तो पहिला सूर शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा होता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. अक्काही हसल्या, आणि मग पाठ फिरवून बराच वेळ डोळे पुसत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात थोरलीचे साताऱ्यात लग्न झाले. मुलगा शाळामास्तर. ह्या वेळी डॉक्टरांनी लाल कोटाची हकीकत पहिल्याच भेटीत सांगून टाकली होती, आणि मुलाच्या आईने एवढेच विचारले होते की कोट धुवायला कसा टाकता. पाठवणीला स्वतः वाजवायचे म्हणून डॉक्टर महिनाभर एकच चाल घोटत होते. मोटार दाराशी आली. मास्तरांचा बँड थांबला. डॉक्टरांनी क्लॅरिनेट ओठांना लावले, पण सूरच येईना. पुन्हा लावले. छातीत श्वास म्हणून ठरत नव्हता. बँडमास्तर हलकेच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या डाक्टर, मी वाजिवतो." तेवढ्यात मोटारीत बसलेली थोरली खाली उतरली आणि त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी थांबते. तुम्ही वाजवा, मग मी जाते."

आणि ते वाजले. दोन ठिकाणी चुकले, एका ठिकाणी श्वास तुटला. पण एवढ्या मोठ्या मांडवात कोणी हसले नाही. चाल संपली तशी थोरली त्यांच्या पाया पडली आणि मोटारीत जाऊन बसली. मोटार वळणाआड गेल्यावर डॉक्टरांनी तीच चाल पहिल्यापासून सुरू केली. मला संध्याकाळच्या एस.टी.ने सांगलीला परतायचे होते. आडतीवर दुसऱ्या दिवशी माल उतरणार होता. गाडीची वेळ झाली, टळली. मी मांडवातल्या रिकाम्या सतरंजीवर त्यांच्याशेजारी बसून राहिलो. हाताला काही काम नव्हते, आणि नवल म्हणजे त्याचे काही वाटतही नव्हते. अजिंक्यताऱ्यावरचे ऊन हळूहळू उतरत होते आणि डॉक्टर डोळे मिटून वाजवत होते.