विरोध नसलेले रामलिंगआप्पा

सभेत रामलिंगआप्पांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली की मी पेनाला टोपण लावायचो. मग ते सावकाश उठायचे, धोतर झटकायचे आणि म्हणायचे, "माझा इरोद न्हाय, पर इचारतो." एवढं झालं की समजायचं, ठराव गेला पुढच्या सभेवर. मी आमच्या गावच्या उपसा सिंचन संस्थेचा सेक्रेटरी आणि आप्पा साधे सभासद. पण ऐन चाळिशीत माझे केस पांढरे झाले, त्याचं निम्मं श्रेय मी त्यांनाच देतो.

उंच, वाळका माणूस. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. घरात बायकोशी कानडीत भांडायचे आणि बाहेर आमच्याशी मराठीत. त्यांचं गुऱ्हाळ बंद पडलं तेव्हा गूळ कढवायची भलीमोठी लोखंडी काहील त्यांनी गावच्या तळ्यात सोडली आणि तिचीच नाव केली. तळ्याच्या पलीकडं आमची शेतं, पाणी उपसणाऱ्या मोटारी आणि बौद्ध समाजाची वस्ती. बंधाऱ्यावरून जायचं तर मोठा वळसा पडायचा. म्हणून आप्पा बांबूनं काहील रेटत माणसं पार करायचे. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. पण काहिलीत पाय ठेवायच्या आधी चौकशी व्हायची. पलीकडं काय काम, परत कधी, घरी सांगितलं का, पिशवीत काय. त्यापेक्षा पोलीस चौकी परवडली.

याच तळ्यावरून मोटारींची वीज जायची. तार जुनी, जागोजागी जोडलेली. ती ओढली तेव्हा तळं लहान होतं. पुढं बंधारा उंच केला, पाणी वर चढलं आणि तारेखालच्या खांबांचे पाय पाण्यात गेले. तळं भरलं की काहिलीत उभ्या माणसाचा बांबू तारेला लागेल की काय, असं वाटायचं. खाली लोखंडाची काहील आणि वर ही तार. पण भरल्या तळ्यात नवे खांब उभे करणार कसे?

मग दुष्काळ पडला, तळं आटलं आणि उघड्या गाळात गरिबांनी टरबुजं लावली. मला तर वाटलं, एवढ्या वाइटात एक चांगलं झालं. विजेचे इंजिनीअर आले, उंच पोल आले, ते तळ्याच्या काठावर येऊन पडले. आता संस्थेचा ठराव तेवढा बाकी होता. सभा भरली. टोपी गुडघ्यावर आली.

"माझा इरोद न्हाय, पर इचारतो. पोल गाळात रवणार, आन् गाळपेर केलेल्या गरिबाच्या टरबुजाचं काय?"

इंजिनीअरांनी सांगितलं, टरबूज निघाल्यावर रोवू. सभा तहकूब. पुढच्या सभेत आप्पांनी विचारलं, तळ्यातूनच कशाला, तार बंधाऱ्यावरून का नको? साहेबांनी त्याचंही उत्तर दिलं. तिसऱ्या सभेत विचारलं, "नवी तार आणताव ते खरं, पर जुनी कुठं जानार?" साहेबांनी कोपरापासून हात जोडले आणि गेले. आठवड्यात पोल उचलून पार वाशी तालुक्यात नेले. मी आप्पांच्या ओट्यावर जाऊन तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "सेक्रेटरी, च्या घ्या."

आणि त्याच वर्षी पाऊस असा आला की तळं काठोकाठ भरलं. मोटारी बंद ठेवा म्हटलं असतं तर दुष्काळातून उठलेल्या माणसांनी मला तळ्यात बुडवलं असतं. तार तशीच, खाली पाणी, पाण्यावर काहील.

तेव्हा आप्पांनी काहील काठावर ओढली आणि म्हणाले, "आता कुनी बसायचं न्हाय." वस्तीवरच्या गायकवाडबाई आमच्या शाळेत शिक्षिका होत्या. वस्तीवरची चार पोरं घेऊन त्या रोज काहिलीतून यायच्या. त्या भडकल्या. "आप्पा, रोज वळसा घालून पोरांचे पाय भरून येतात. तुम्ही नका येऊ, मी नेते काहील."

"बाई, वर तार हाय."

"तार कुणामुळं आहे?"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काहिलीच्या बुडाला छन्नीनं पाडलेलं भोक. एवढी वडिलोपार्जित काहील, आप्पांनी स्वतःच्या हातानं फोडली! बायको कानडीत ओरडत होती, ते अर्ध्या गावाला समजत नव्हतं तरी सगळ्यांना कळत होतं. बाईंनी आप्पांशी बोलणं टाकलं आणि वर्षभर पोरांना घेऊन बंधाऱ्यावरून चालल्या.

मग एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला वावटळ उठली आणि तार मधोमध तुटून पाण्यात पडली. सटासट आवाज झाला. मोटारी थांबल्या, वीज गेली. पाण्यावर मासे उलटे होऊन तरंगायला लागले. काहील चालू असती तर तिची फेरी याच वेळची. बाई पोरांचे हात धरून बंधाऱ्यावर उभ्या होत्या, तिथून त्यांनी ते पाहिलं.

गाव आप्पांचा सत्कार करायला निघालं. कुणी म्हणालं त्यांना आधीच दिसलं होतं, कुणी म्हणालं पुण्यवान माणूस. मी मात्र आतून धुमसत होतो. ज्यानं आग लावली त्यालाच बादलीभर पाणी आणलं म्हणून नारळ द्यायचा? तरी सभा बोलावली, कारण ते सेक्रेटरीचंच काम.

हार घातल्यावर आप्पा उठले. टोपी डोक्यावरच होती.

"हार काढा. दुष्काळात पोल दारात आले व्हते. म्याच इचारीत बसलो. लेकरं वाचली ती बाई चालली म्हनून. अन् बाई चालली ती माझ्यापायी."

हा माणूस एकदा तरी चुकलो म्हणेल, याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. म्हणाला तेव्हा मला कुठं बघावं कळेना. बाईच उठल्या. म्हणाल्या, "मला सत्कार नको न् माफी नको. पोल परत मागवा न् उन्हाळ्यात पाणी आटलं की उभे करा." ठराव तिथल्या तिथं झाला.

उन्हाळ्यात पोल ओढायला पहिली बैलगाडी आप्पांची होती. नवी तार बांबू पोचणार नाही इतकी उंच गेली. त्यांनी लोहाराकडून काहिलीला ठिगळ मारून घेतलं आणि तळं भरल्यावर गायकवाडबाईंना ती चालवायला शिकवली. शिकवली म्हणजे छळलं. बांबू कुठं टेकवला, का टेकवला, वारा कुठला. "आप्पा, मी परीक्षेत एवढे प्रश्न विचारत नाही," असं बाई म्हणाल्याचं मी काठावरून ऐकलं. जन्मात पहिल्यांदा माझ्या जागी दुसरं कुणी जळत होतं, याचा मला आनंद झाला.

आप्पा गेले ते ऐन श्रावणात. पहाटे अंथरुणातच गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना ओट्यावर बसतं करून ठेवलं होतं, कपाळाला ताजी विभूती. तुळजापूरच्या पाहुण्यांची वाट पाहायची होती. मी सगळ्यांना सांगितलं, आप्पांशिवाय आज काहील कोण घालणार, वस्तीवरची माणसं बंधाऱ्यावरून येतील, त्यांनाही वेळ लागेल, थांबू या. एवढा आयुष्यभर वैतागलेला मी, पण ओट्याकडं बघवेना म्हणून तळ्याकडं गेलो आणि तिथं मला रडू फुटलं.

पाण्याच्या मधोमध काहील येत होती. गायकवाडबाई उभ्या राहून बांबू रेटत होत्या, भोवती वस्तीवरची म्हातारी माणसं, मांडीवर पोरं घेतलेल्या बाया. कुणाच्या हातात फुलं होती, कुणाचा पदर तोंडाला. बघता बघता काहील तारेखाली आली आणि पुढं निघाली, आणि त्यांतल्या एकानंही मान वर करून पाहिलं नाही.