देवाच्या फळीखालचा प्लग

“मशीनला दात हायेत, बोटं नायत,” असं आवडाबाई एकदा म्हणाल्या. त्यांच्या तोंडचं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त आठवतं. हातांबद्दल मात्र पुष्कळ सांगता येईल.

क्रांती चौकामागच्या आमच्याच गल्लीत त्यांचं तीन खोल्यांचं घर. सासू मनकर्णाबाई माळकरी. लसणाचा वासही त्यांना चालत नसे. बाकीचे खाणारे. सून म्हणून आल्या आल्या आवडाबाईंनी परसात पत्र्याखाली वेगळी चूल मांडली. मटण तिथंच चिरायचं, तिथंच शिजायचं, तिथंच संपायचं. मग अंगावरून पाणी घेऊन, लुगडं बदलून त्या आत पाऊल टाकत. याबद्दल दोघी कधी बोलल्या नाहीत. न बोलता पाळलेली गोष्ट एवढी टिकते, हे मी त्या घरात पाहिलं.

नवऱ्याला, तात्यासाहेबांना अर्धांगवायू झाला आणि चावणं थांबलं. पेज, दूध, वरण आलं की ते मान फिरवत. घशाखाली उतरायचा तो आवडाबाईंच्या हातचा खिमा. बाभळीच्या ओंडक्यावर त्या सत्तुरानं मटण बारीक करत, गोळा करत, पुन्हा बारीक करत. मग डोळे मिटून खिम्यातून बोटं फिरवत आणि तांदळाच्या कणीएवढी हाडाची कपची अचूक बाहेर काढत. ओंडक्याच्या कडेला पांढऱ्या कपच्यांची ओळ लागे. त्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त दिसत होतं, असं मला अजून वाटतं.

पुढं त्यांची मनगटं सुजली, सत्तुर चालेना. मुलगा रामकिसन चितेगावच्या कारखान्यात होता. त्यानं खिम्याचं विजेचं मशीन आणलं. त्याला जाड पिनांचा प्लग. तसला बोर्ड घरात एकच, इस्त्रीसाठी बसवलेला, मधल्या खोलीत देवाच्या फळीखाली. मनकर्णाबाई कीर्तनाला गेल्या होत्या. आजी यायच्या आत उरकतं, पाच मिनिटांचं काम, असं रामकिसन म्हणाला.

तीस वर्षांत पहिल्यांदा मटण उंबरठ्याच्या आत आलं.

मशीन असं ओरडलं की गल्लीतल्या बाया दारात आल्या. आज कोण पाव्हणे, असं शेजारच्या वच्छलाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलंच. पात्याला शिरा गुंडाळल्या, मटण गरम होऊन त्याचा लगदा झाला, चरबीचे थेंब देवाच्या फळीपर्यंत उडाले. परसातल्या चुलीवर खिमा शिजला. चुलीजवळच्या खाटेवर पहिल्याच घासाला तात्यासाहेब थांबले. त्यांनी हळूच जीभ बाहेर काढली. जिभेवर रक्त होतं आणि सुईसारखी कपची. रामकिसन तोवर आत टाचणीनं पात्यातल्या शिरा उकरत बसला होता. तेव्हा आवडाबाई ते वाक्य बोलल्या.

दारात मनकर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी मशीन पाहिलं, फळी पाहिली, आणि मागं फिरून बाहेरच्या ओट्यावर बसल्या. घरातलं पाणी घेईनात. उद्या परसात वायर ओढतो, म्हणून रामकिसननं लई विनवलं. त्या चौकाकडं बघत राहिल्या.

आवडाबाईंनी मशीन पोत्यात बांधलं. खोली तीनदा धुतली, अंघोळ केली, फळी पुसली. दुपार कलल्यावर तांब्या घेऊन त्या ओट्यावर आल्या. आपल्या हातचं पाणी सासूनं घेतलं नाही तर या घरात राहायचं कसं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मनकर्णाबाईंनी तांब्या घेतला नाही. सुजलेलं मनगट धरलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं.

“लेकरू उपाशी हाय का माझं?”

“व्हय, आत्याबाई.”

“मग आधी त्याचं बघ. तो जेवला की पेते मी तुझ्या हातचं.”

आयुष्यभर मांसाकडं न पाहिलेली ती म्हातारी तात्यासाहेबांसाठी हे म्हणाली. निम्मं मटण अजून परसात झाकलेलं होतं. आवडाबाईंनी तांब्या सासूजवळ ठेवला, पदर खोचला, मधल्या खोलीतून खाली मान घालून गेल्या, आणि मागच्या दारातून परसात ओंडक्यापाशी जाऊन बसल्या.